धुतलेल्या पाकिटांचा गुन्हा

चौकीच्या आवारात अठरा गोण्या ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. दरोगाजींनी, म्हणजे इकडच्या सब-इन्स्पेक्टरनं, त्यातल्या एका गोणीतून सुतळीनं बांधलेला गठ्ठा काढला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. नमकीनची रिकामी पाकिटं होती. धुतलेली, वाळवलेली, विटांखाली दाबून सपाट केलेली. प्रत्येकावरचा लाल पतंग वरच्या बाजूला आणि एकाच दिशेला.

"कूड़ा कोई ऐसे रखता है, मॅडम?" त्यांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. वीस वर्षं मी कचऱ्याच्या कामात आहे. इतका नीटनेटका कचरा मीही पाहिला नव्हता.

भिंतीला टेकून रामकली आणि तिची जाऊ शांती खाली बसल्या होत्या. रामकली पन्नाशीची, सीतापूरकडची. जानकीपुरमच्या पुढे एका पत्र्याच्या शेडमध्ये दहा बायका कचरा निवडायच्या, त्यांची ती मुकादम. पहाटे पोलिसांनी शेडवर छापा घातला आणि या दोघींना गोण्यांसकट इथं आणलं. तिच्या मुलानं मला फोन केला तेव्हा मी लखनौच्या महानगर भागात, घरी डबा भरत होते. डबा तसाच ओट्यावर ठेवून निघाले.

आरोप नकली मालाचा होता. हा धंदा इकडे जुना आहे. नामांकित कंपनीची रिकामी पाकिटं गोळा करायची, त्यात हलकं नमकीन भरायचं, तोंड मशीननं चिकटवायचं आणि माल खेड्यातल्या दुकानांत पाठवायचा. होळी जवळ आली की हे वाढतं. म्हणून कंपन्या अशा लोकांना पकडण्यासाठी खास एजन्सी नेमतात. पतंगाच्या चित्राच्या नमकीन कंपनीनंही नेमली होती आणि त्याच एजन्सीनं ही तक्रार दिली होती. छाप्यात नमकीन सापडलं नव्हतं, पाकीट चिकटवायचं मशीनही नव्हतं. मशीन कुठे लपवलंय, एवढंच पोलीस दोघींना पुन्हा पुन्हा विचारत होते.

दरोगाजींनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि रजिस्टरमध्ये माझं नाव 'मिश्रा' लिहिलं. मी सांगितलं, मिश्रा नाही, मेश्राम. महाराष्ट्रातलं आडनाव आहे. ते "अच्छा" म्हणाले आणि खोडून नीट लिहिलं. चहा काही आला नाही. चौकीत गर्दी होती, तेच कारण असेल.

आता माझं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी केमिकल इंजिनिअर. माहेर वर्ध्याचं. नवऱ्याच्या सरकारी नोकरीमुळं लखनौला आले आणि इथलीच झाले. कंपन्यांना प्लास्टिकच्या कचऱ्याबाबतचे नियम पाळायला मदत करते. या नियमांचं नाव ईपीआर, म्हणजे एक्स्टेंडेड प्रोड्युसर रिस्पॉन्सिबिलिटी. सोपं करून सांगता येतं, पण सोपं करून सांगितल्यामुळंच हे सगळं झालं. म्हणून जपून सांगते.

माल विकला की कंपनीची सुटका होत नाही. मालाबरोबर जेवढं प्लास्टिक बाजारात गेलं, त्यातलं ठरलेलं प्रमाण गोळा होऊन त्याची रीतसर विल्हेवाट लागली हे कंपनीनं दाखवायचं असतं. हे वजनावर चालतं. आपलीच पाकिटं परत आणली पाहिजेत असं कुठंही म्हटलेलं नाही. त्याच प्रकारचं प्लास्टिक कुणाचंही आणि कुठलंही चालतं. त्यामुळं बऱ्याच कंपन्या स्वतः काहीच गोळा करत नाहीत. नोंदणी असलेला रिसायकलर प्लास्टिकवर प्रक्रिया करतो, त्याच्या नावावर सरकारी पोर्टलवर सर्टिफिकेटं जमा होतात, आणि कंपनी ती विकत घेते. कागद पुरा होतो. हे कायदेशीर आहे.

नमकीनच्या पाकिटाला आम्ही मल्टीलेयर म्हणतो. प्लास्टिकचे पातळ थर आणि मध्ये चंदेरी मुलामा, सगळं एकमेकांना चिकटवलेलं. ते सुटं करता येत नाही, म्हणून कबाडी, म्हणजे भंगारवाला, त्याला हात लावत नाही. बाटली उचलतो, पुठ्ठा उचलतो, पाकीट नाल्यात राहतं. त्याचा एकच बरा शेवट म्हणजे सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाणं.

पतंगवाली कंपनी माझी सगळ्यात मोठी क्लायंट होती. तिथले कम्प्लायन्सचे साहेब सक्सेनाजी. गोड बोलणारे, दर दिवाळीला घरी डबा पाठवणारे. सर्टिफिकेटं तर घेऊच, पण थोडं खरं कामही दिसू दे, असं त्यांच्या मनात आलं. बायकांची निवडणी-शेड उभी करायची, मल्टीलेयर गोळा करायचं, दोन महिन्यांनी कंपनी ट्रक पाठवून भट्टीकडे नेईल आणि बायकांना किलोमागे भाव देईल, असं मीटिंगमध्ये ठरलं. शेड शोधणं आणि बायकांना शिकवणं माझ्याकडे आलं. मीटिंगचे मिनिट्स, म्हणजे काय ठरलं त्याची लेखी नोंद, मात्र कुणी काढले नाहीत. मीही मागितले नाहीत.

ट्रेनिंगला मी तक्ता घेऊन गेले. कॅटेगरी एक कडक प्लास्टिक, दोन लवचिक, तीन मल्टीलेयर. दहा बायका माझ्याकडे बघत होत्या, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. मध्येच एकीनं पाणी आणायला म्हणून काढता पाय घेतला. शेवटी रामकलीनं विचारलं, जी पन्नी, म्हणजे प्लास्टिकचं पाकीट, कबाडी फुकटसुद्धा घेत नाही, ती कंपनी का घेईल?

मी तक्ता गुंडाळला आणि म्हटलं, "जिसकी पन्नी, उसकी ज़िम्मेदारी। सरकार ने कहा है।"

एकदम सगळ्यांचे चेहरे उजळले. एक जण म्हणाली की सासूबाईंना पण हेच सांगायला पाहिजे, जिसका लड़का उसकी ज़िम्मेदारी. हशा झाला. मग मी सांगितलं की माल कोरडा आणि स्वच्छ पाहिजे, तेलकट चालणार नाही. घरी जाताना मी खूश होते. इतकं चांगलं ट्रेनिंग बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

त्या वाक्याचं रामकलीनं काय केलं, ते मला चौकीत कळलं.

तिनं प्लास्टिक प्रकारानुसार निवडलंच नाही. कंपनीनुसार निवडलं. पतंगवाल्यांचं वेगळं, छत्रीवाल्यांचं वेगळं, दोन घोडेवाल्यांचं वेगळं. ज्याची पन्नी त्याला परत द्यायची, तर ती मिसळून कशी चालेल? दुसऱ्याची पन्नी दिली तर कंपनी म्हणेल, आमची नाही. दहातल्या आठ जणींना वाचता येत नव्हतं, म्हणून चित्रं बघून निवडायच्या आणि गोणीवर तेच चित्र काढायच्या. परत द्यायची वस्तू म्हणून ती धुवायची. परातीत साबणाचं पाणी, मग दुसरं पाणी, मग दोरीवर चिमटे लावून वाळत घालायची. गठ्ठे बांधायचं मशीन कंपनी देणार होती, ते आलंच नाही. म्हणून विटांखाली दाबायची. सगळ्यात जास्त पाकिटं पतंगवाल्यांची निघाली, कारण आमच्या भागात तेच नमकीन खपतं.

गोण्यांवरची चित्रं मी पाहिली होती, हे मला इथं लिहिलंच पाहिजे. दुसऱ्या भेटीत एका गोणीवर निळ्या मार्करनं काढलेला पतंग दिसला. मला वाटलं पोरांनी काढलाय. मी तेव्हा तराजूवरचा शिक्का तपासत होते. शेडमध्ये आग विझवायचं सिलिंडर आहे का, बायकांच्या हातात मोजे आहेत का, बाहेर बोर्ड आहे का, हे सगळं माझ्या चेकलिस्टवर होतं. गोण्यांवर काय काढलंय हा रकाना नव्हता. मी विचारलं नाही.

दोन महिने झाले, ट्रक आला नाही. सक्सेनाजींना फोन केला की ते म्हणायचे, "अगले हफ्ते पक्का।" तिसरा महिना लागला. गोण्या छताला टेकल्या. मधल्या काळात कंपनीच्या वितरकाचा कुणी माणूस त्या रस्त्यानं गेला. त्याला दोरीवर ओळीनं वाळत घातलेली पतंगवाली पाकिटं दिसली. त्यानं फोटो काढला आणि वर पाठवला. त्याच्या जागी मी असते तर मलाही तोच संशय आला असता.

चौकीत दरोगाजींना मी हे सगळं सांगितलं. ईपीआर, भट्टी, ट्रेनिंग. त्यांनी ऐकून घेतलं. मग मी एक गोणी उचलून आवारातच रिकामी केली. निम्मी पाकिटं मधोमध फाटलेली होती, काहींचा नुसता कोपरा उरला होता. फाटक्या पाकिटात नमकीन कसं भरणार, मी विचारलं.

त्यांनी दुसऱ्या गोणीतून मोठ्या आकाराचं एक पाकीट काढलं. ते कुणीतरी घरी कात्रीनं सरळ कापून उघडलेलं होतं. त्यांनी तोंडाच्या जरा खाली बोट ठेवलं. इथून चिकटवलं की नवं होतं, असं ते म्हणाले. अशा केसेस त्यांनी केल्या होत्या, त्यांना कळत होतं. एजन्सीच्या माणसांनी नेमक्या याच गठ्ठ्यांचे फोटो काढले होते.

तेव्हा रामकली पहिल्यांदा बोलली. आवाज चढवला नाही.

"साहब, चोरी करते तो धोते काहे? हम तो जिसकी पन्नी है उसी को लौटा रहे थे। दीदी ने कहा था।"

दरोगाजींनी माझ्याकडे पाहिलं. "आपने कहा था?"

"हो," मी म्हणाले. मराठीतच निघालं तोंडून. मग हिंदीत सांगितलं, की हो, मीच सांगितलं होतं.

माणूस वाईट नव्हता. त्यांनी पेन ठेवलं आणि सरळ सांगितलं की कंपनी लिहून देऊ दे, हा माल आमच्यासाठी जमा होत होता, मग मी दोघींना इथूनच सोडतो. मात्र उद्या दुपारच्या आत. अटक आत्ता दुपारची दाखवतोय, त्यापासून चोवीस तासांत कोर्टात हजर करावंच लागतं, एकदा तिकडे गेल्या की माझ्या हातात काही राहत नाही.

मी तडक कंपनीत गेले.

सक्सेनाजींनी बसायला सांगितलं, चहा मागवला. हा मात्र आला. मी दोन ओळींचं पत्र मागितलं. ते वाईट झालं म्हणाले, बिचाऱ्या गरीब बायका म्हणाले, आणि मग पत्र का देता येत नाही ते समजावू लागले. या वर्षाची सर्टिफिकेटं त्यांनी बाहेरच्या एका रिसायकलरकडून कधीच घेऊन टाकली होती. टार्गेट पूर्ण होतं. त्यामुळं शेडचा विषय मागं पडला होता, म्हणूनच ट्रक आला नव्हता. मला हे कुणी कळवलं नव्हतं. आता पत्र द्यायचं तर कंपनीनं लिहून द्यायचं, की आमच्यासाठी माल गोळा करणाऱ्या बायकांविरुद्ध आमच्याच एजन्सीनं खोटी तक्रार केली. लीगल डिपार्टमेंट हे कसं मान्य करेल?

मी म्हटलं, खोटी म्हणू नका, गैरसमज म्हणा.

ते म्हणाले, "देखिए मॅडम, माल बिक गया तो पन्नी हमारी रही कहाँ? सड़क पर पड़ी चीज़ है।"

"सक्सेनाजी, सड़क पर पड़ी थी तब तक आपकी नहीं थी," मी म्हटलं. "इन्होंने धो दी तो आपकी हो गई?"

ते हसले. रागावले नाहीत. बात तो आपकी सही है, असं म्हणाले, आणि लीगलशी बोलून सकाळी कळवतो म्हणाले. दारापर्यंत सोडायला आले. जाता जाता हळूच म्हणाले की तुम्ही स्वतः काही लिहून देऊ नका, उगाच गुंता वाढेल.

माझं पत्र मी त्याच संध्याकाळी लिहू शकले असते. हजेरीचा कागद माझ्याकडे होता, ट्रेनिंगचे फोटो होते, त्या फोटोंत मागे कंपनीचा बॅनरही होता. लिहिलं नाही. त्यात दोन गोष्टी आल्या असत्या. एक, बायकांना चुकीचं मी सांगितलं. दोन, हे काम कुणाच्या सांगण्यावरून केलं त्याचं नाव. कंपनीचं पत्र आलं तर माझ्या पत्राची गरजच पडणार नाही, असा विचार मी केला. त्याला तेव्हा मी थोडं थांबणं म्हणत होते.

रात्रीच्या जेवणाला मुलीला सांगितलं. ती कॉलेजात आहे. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं. ती म्हणाली, "मम्मी, सिखाया तो आपने था। कंपनी क्यों लिखेगी?" मी म्हटलं, तुला कंपन्या कशा चालतात ते कळत नाही. तिनं भाजी वाढून घेतली.

सकाळी सक्सेनाजींचा फोन लागेना. दहाला मेसेज आला की लीगलमध्ये आहे. मी कंपनीच्या रिसेप्शनवर जाऊन बसले. तिथे काचेच्या कपाटात नमकीनची नवी पाकिटं मांडलेली होती, मी ती बघत बसले. साडेअकराला रामकलीच्या मुलाचा फोन आला. दोघींना कोर्टात नेत होते. मी दरोगाजींना फोन केला, अर्धा तास मागितला. ते म्हणाले, मॅडम, मी बारापर्यंत थांबलो असतो, पण एजन्सीचा वकील सकाळपासून बसलाय. पत्र आहे का तुमच्याकडे?

नव्हतं.

रिसेप्शनच्या सोफ्यावरच मी लॅपटॉप उघडला आणि माझ्या लेटरहेडवर पत्र लिहिलं. सगळं लिहिलं. कंपनीचं नाव, मीटिंगमध्ये काय ठरलं, ट्रक येणार होता, ट्रेनिंगमध्ये मी काय वाक्य बोलले आणि त्याचा अर्थ बायकांनी जसा घेतला तसाच कुणीही घेतला असता. प्रिंट काढायला चौकातल्या सायबर कॅफेत गेले. कोर्टात पोचले तोवर कस्टडीची ऑर्डर झाली होती. रामकलीच्या मुलानं बोलावलेल्या आमच्या वकिलांनी पत्र हातात घेऊन वाचलं. ते म्हणाले की चांगलं आहे, जामिनाला उपयोगी पडेल. हेच काल चौकीत दिलं असतं तर कोर्टापर्यंत आलंच नसतं.

ते दोष द्यायला म्हणून बोलले नाहीत. वकील असंच बोलतात, वेळ आणि कागद.

व्हॅनमध्ये चढताना शांती रडत होती. रामकलीनं तिच्या डोक्यावरचा पदर नीट केला आणि आधी तिला चढवलं. माझ्याकडे कुणीच पाहिलं नाही.

जामीन व्हायला अकरा दिवस गेले. मध्ये सुट्ट्या आल्या, होळी आली. त्या दिवसांत मी माझ्या परीनं जे करायचं ते केलं, त्याची यादी देत नाही. सक्सेनाजींचा फोन पत्राच्या दुसऱ्या दिवशीच आला होता. "मॅडम, आपने तो हमीं को पार्टी बना दिया।" आवाज दुखावलेला होता आणि मला वाटतं, दुःख खरं होतं. त्यांनाही वर कुणाला तरी उत्तर द्यायचं होतं. महिन्याच्या शेवटी करार पुढे न नेण्याची ईमेल आली. भाषा सभ्य होती. आजवरच्या सहकार्याबद्दल आभार मानले होते.

केस अजून चालू आहे. तारखा पडतात. आमचे वकील म्हणतात की सुटतील, नमकीन नाही, मशीन नाही, केसमध्ये दम नाही. फक्त वेळ लागेल. गोण्या केस प्रॉपर्टी आहेत, म्हणजे निकालापर्यंत पुरावा म्हणून सांभाळायच्या. चौकीत जागा नसल्यानं त्या मागच्या भिंतीशी उघड्यावर आहेत. मी मागे एका कामासाठी गेले तेव्हा दोन गोण्या उंदरांनी फाडल्या होत्या आणि पाकिटं वाऱ्यानं नाल्यापर्यंत गेली होती. एका शिपायाला सांगितलं. तो म्हणाला, पुराव्याला आम्ही हात लावू शकत नाही.

शेडच्या मालकानं दुसऱ्याच दिवशी कुलूप लावलं होतं. पोलीस आलेली जागा म्हणून त्याला बायका परत नको होत्या. तिथं आता टाइल्सचं गोडाऊन आहे. बाकीच्या जणी पुन्हा सुट्या झाल्या, पहाटे गोणी घेऊन रस्त्यावर. बाटल्या उचलतात, पुठ्ठा उचलतात. नमकीनची पन्नी कुणीही उचलत नाही, कुठल्याही चित्राची. शांतीच्या नवऱ्यानं तिचं बाहेर पडणंच बंद केलं.

कंपनीचं त्या वर्षाचं टार्गेट पोर्टलवर पूर्ण आहे. मी तपासलं. कागदात कुठेही खोट नाही.

रामकली सुटून आल्यावर आठवड्यानं मी तिच्या खोलीवर गेले. फळं घेऊन गेले होते. आजारी माणसाकडे नेतात तशी, दुसरं काय न्यावं ते सुचलं नाही. तिनं पाणी दिलं, बसायला गोधडी झटकून टाकली. सुनेनं माझ्याकडे पाठ केली. रामकली आतल्या दिवसांबद्दल काही बोलली नाही. मी माफी मागितली. ती ऐकत होती, मग तिनं एकच विचारलं.

"दीदी, आपको तो मालूम था न कि कंपनी अपनी पन्नी वापस नहीं लेती? फिर हमसे ऐसा काहे कहा?"

मी म्हटलं, तुम्हाला समजावं म्हणून.

"समझ तो गए थे," ती म्हणाली.

नियम जसा आहे तसा मी सांगितला नव्हता. तो जसा असायला हवा होता तसा सांगितला होता, कारण तसा तो ऐकायला बरा वाटतो आणि सांगणाऱ्याला टाळ्या मिळतात. माझ्यासारखे लोक त्या वाक्यावर भाषण करून घरी जातात. तिनं ते खरं मानून त्यावर तीन महिने काम केलं.

मी अजून ट्रेनिंग घेते. दुसऱ्या कंपन्या आहेत, दुसऱ्या शेड आहेत. मीटिंगचे मिनिट्स सहीसकट हातात आल्याशिवाय कुणालाही एक पाकीटसुद्धा उचलायला सांगत नाही. गोण्यांवर काय लिहिलंय, काय काढलंय, ते आधी बघते. आणि नियम नियमाच्याच भाषेत सांगते. कॅटेगरी तीन, मल्टीलेयर, वजन, रिसायकलर, सर्टिफिकेट. सगळं मिसळून टाका, कुणाचं काय ते बघू नका, धुऊ नका. कुणी विचारलं की मग ही पन्नी नक्की कुणाची, तर सांगते की ते आपण बघायचं नाही. बायका जांभया देतात. एखादी पाणी आणायला उठते ती परत येत नाही.

फारसं कुणाला काही कळत नाही. पण अजून कुणाला अटक झालेली नाही.